हवेची बंदूक : खरी अडचण नळीची नाही, टाकीची

घरी एअर गन बनवायची म्हटलं की बहुतेक हौशी मंडळी आधी नळीचा विचार करतात. पण या बंदुकीचा इतिहास चाळला तर दिसतं की गेली चारशे वर्षं कारागीर अडले ते दुसरीकडेच. हवा कोंडून कशी ठेवायची आणि चाप ओढताच ती एका क्षणात कशी सोडायची, हा खरा पेच होता आणि आजही आहे.

स्टॉकहोमच्या शाही शस्त्रसंग्रहालयात सुमारे १५८० ची एक बंदूक आहे. तिच्या दस्त्यात चक्क भाता बसवलेला आहे. स्प्रिंगने तो आवळला की हवेच्या झोताने बाण सुटतो. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मारँ ल बूर्झ्वा याने राजा चौथ्या हेन्रीसाठी दाबलेल्या हवेवर चालणारी बंदूक केली. त्याच शतकात जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिकेने हवा उपसून टाकणारा पंप बनवला, रॉबर्ट बॉइलने १६६२ साली दाब आणि आकारमानाचं नातं मांडलं आणि कारागिरांच्या अंदाजाला शास्त्राचा आधार मिळाला.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत थोर वाटतो तो आल्प्समधल्या तिरोल प्रांताचा बार्तोलोमेओ जिरारदोनी. त्याची रायफल १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्यात दाखल झाली. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक वेळी दारू आणि गोळी नळीत ठासावी लागे, त्या काळात याच्या बंदुकीत वीस गोळ्या एकदम भरता येत आणि शिपाई जमिनीवर आडवा पडूनही पुढची गोळी चढवू शके. धूर नाही, पावसात दारू भिजण्याची भीती नाही. दस्ता म्हणजेच हवेची टाकी. ती पेचाने काढता-लावता येई. पण ही टाकी हातपंपाने भरायला सुमारे १५०० वेळा दट्ट्या मारावा लागे आणि आतला दाब जवळजवळ ५५ बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे ५५ पट, जाई. हातोड्याने ठोकलेल्या लोखंडी पत्र्याला रिव्हेट मारून आणि डाख देऊन एवढा दाब पेलणारी टाकी घडवणं त्या काळच्या यंत्रशाळांना फार जड गेलं. कातडी वॉशर ओले ठेवावे लागत. सुकले की हवा गळे. नाजूकपणा आणि दुरुस्तीची कटकट यांमुळे १८१५ पर्यंत ती सैन्यातून बाहेर पडली.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही (१८०३-१८०६) एक एअर रायफल होती. ती जिरारदोनी पद्धतीची असावी, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. मोहिमेच्या सुरुवातीलाच, पिट्सबर्गजवळ, ती पाहायला घेतलेल्या माणसाच्या हातून गोळी सुटली आणि सुमारे चाळीस यार्डांवरच्या एका स्त्रीच्या कानशिलाला चाटून गेली. ती बचावली. हवेची बंदूक म्हणजे खेळणं, असं समजणाऱ्यांनी लुईसच्या रोजनिशीतली ही नोंद जरूर लक्षात ठेवावी.

टाकीचा पेच सुटला तो टाकीच काढून टाकल्यामुळे. या नव्या बंदुकांत स्प्रिंगच्या जोरावर दट्ट्या धावतो आणि हवा दाबली जाते ती चाप ओढल्यानंतर. तोवर आत दाब साठलेलाच नसतो. अमेरिकेत प्लिमथच्या पवनचक्की कारखान्याने १८८८ पासून लहान मुलांसाठी ‘डेझी’ ही एअर गन बनवायला सुरुवात केली, इंग्लंडमध्ये लिंकन जेफ्रीजच्या रचनेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या एअर रायफली निघाल्या. आपल्या जत्रेत फुगे फोडायला मिळणारी, नळी मोडून छर्रा भरायची बंदूक याच कुळातली.

आजचे हौशी मात्र पुन्हा टाकीकडे वळतात आणि तीही अनेकदा नळकामाच्या पीव्हीसी पाइपची करतात. हे टाळाच. त्या पाइपात पाणी खेळवणं वेगळं आणि हवा दाबून भरणं वेगळं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला तरी जोर लगेच ओसरतो. दाबलेल्या हवेत मात्र ऊर्जा साठलेली असते, ती प्लास्टिकच्या धारदार तुकड्यांना घेऊन बाहेर पडते. पाइप बनवणारेही दाबलेल्या हवेसाठी तो वापरू नका, असंच सांगतात. शिवाय भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचाहून मोठ्या व्यासाची नळी असलेल्या एअर गनला परवाना लागतो. घरी जोडलेल्या बंदुकीची ऊर्जा कुणी मोजून दिलेली नसते, म्हणून कागदावरच्या आराखड्यापुढे जाण्याआधी कायदा नीट विचारून घ्यावा.

ज्यांना या यंत्राची मनापासून ओढ आहे त्यांच्यासाठी रायफल क्लबची वाट खुली आहे. दहा मीटर एअर रायफल १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्सला याच प्रकारात अंतिम फेरीत पोहोचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेता झाला. हे नेमबाज वापरतात त्या रायफलींच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाची हवा असते, म्हणजे जिरारदोनीच्या जवळपास चौपट. त्या प्रत्येक सिलिंडरला वापराची मुदत ठरवून दिलेली असते आणि ती उलटली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी नियमाने खुद्द खेळाडूवर आहे.