ध्वनिलहरींची चिप: महाग फणीपासून पीसीबीपर्यंत

घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून पसरणाऱ्या लहरींचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं, तेव्हा त्यांच्या मनात भूकंप होते. त्याच ध्वनिलहरींनी एखाद्या चिपवर पाण्याचे थेंब ढकलावेत, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

या लहरी हव्या तेव्हा उठवण्याची सोपी सोय १९६५ मध्ये झाली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या व्हाइट आणि वोल्टमर यांनी स्फटिकावर धातूच्या दोन फण्या बसवल्या. दात एकमेकांत गुंतलेले, पण न टेकणारे. विद्युतदाब उलटसुलट केला की दातांमधला स्फटिक ताणतो, आक्रसतो आणि लाट निघते. टीव्ही आणि रडारच्या फिल्टरांत, म्हणजे नको ते सिग्नल गाळणाऱ्या भागांत, ही युक्ती रुळली.

फिल्टरवाल्यांना ओल नकोशी असते, कारण पृष्ठभागावर थेंब पडला की लाट त्यात झिरपून विरते. पण हे झिरपणंच कामाचं निघालं. लिथियम नायोबेट या स्फटिकावरची लाट पाण्यात उभ्या रेषेशी साधारण २२ अंशांनी तिरकी शिरते. थेंब आतून घुसळतो, जोर वाढवला की सरकतो, आणखी वाढवला की त्याचं धुकं होतं. जपानमधल्या शिओकावा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या हालचालींवर काम प्रसिद्ध केलं.

हार्वर्डमधल्या व्हाइटसाइड्‌स यांच्या गटाने १९९८ मध्ये साच्यात सिलिकॉन रबर ओतून चिपवर द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नलिका झटपट बनवण्याची रीत दाखवली. नलिका स्वस्त झाल्या, फण्या मात्र क्लीन रूममध्येच, म्हणजे धूळमुक्त ठेवलेल्या महागड्या प्रयोगशाळेतच, अडकल्या. शिवाय नलिका स्फटिकाला कायमची चिकटवलेली. ती तुंबली की महागडा स्फटिकही बाद!

खरं तर हिशेब सोपा होता. लिथियम नायोबेटवर लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर. १० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ०.४ मिलिमीटर आणि दाताची रुंदी तिच्या चौथाई, ०.१ मिलिमीटर. एवढी रेघ पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधली छापील सर्किटची पाटी, बनवणारेही काढतात. मग फण्या पीसीबीवर कोरून कोऱ्या स्फटिकावर नुसत्या दाबून धरायचे प्रयोग झाले. दुसरी वाट म्हणजे स्फटिकावर पाण्याचा किंवा जेलचा पातळ थर देऊन वर काचेचा तुकडा ठेवायचा, नमुना त्यावर घ्यायचा आणि काम झालं की फक्त काच फेकायची. माझ्या मते स्वस्ताईची खरी किल्ली हीच: टिकाऊ आणि टाकाऊ भागांची फारकत.

अर्थात दाबून धरलेल्या फणीखाली हवेची फट राहिली की तेवढे दात मुके होतात. म्हणून या उपकरणांत पकडीचा दाब सगळीकडे सारखा लागतो, आणि ते जमवण्यातच बराच वेळ जातो.