अजिंक्यताऱ्यावर पायी : आमच्या पाहुण्यांसाठी

साताऱ्यात कुणी ‘किल्ल्यावर जाऊन आलो’ म्हणालं की तो अजिंक्यताराच. गाडी दरवाज्याजवळपर्यंत जाते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना आम्ही गाडीनेच नेतो. बाकीच्यांनी मात्र खालून चालत यावं, हा आमचा आग्रह. चढ पाऊण-एक तासाचा आहे. दम खात चला, सगळ्यांत मागे आमचा एक माणूस कायम असतो.

निघायचं उजाडायच्या आत. फेब्रुवारीनंतर नऊलाच कातळ तापतो, आणि वर सावली थोडी. गेल्या श्रावणात एक काका चपलांवर आले. शेवाळलेल्या दगडावरून पाय सरकला, मनगट सुजलं. त्यांना खालीच थांबवायला हवं होतं, चूक आमची. तेव्हापासून पकड असलेले बूट नसतील तर आम्ही वर नेत नाही. प्यायचं पाणी घरून आणा, गडावरच्या तळ्यांचं नको.

मारुतीचं दर्शन घेऊन, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष पाहून आपण मंगळाईच्या बुरजाकडे जातो. तिथे आम्ही घाई करत नाही. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाने या गडाला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड चार महिने झुंजवला. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्याने आतली माणसं गाडली गेली, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. दुसरा मोगलांवरच उलटला. तटाची भिंत बाहेरच्या अंगाला, हल्ल्यासाठी खाली जमलेल्या त्यांच्याच फौजेवर कोसळली. त्या जागी उभं राहून खाली पाहिलं की पोटात कालवतं.

आणि खाली सातारा. १२ जानेवारी १७०८ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक या गडावर झाला. पुढे वरची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनीच पायथ्याशी हे शहर वसवलं. म्हणूनच गाव आधी इथून बघावं, मग पेठांतून फिरावं. राजवाडा, मंगळवार तळं, उतारावरचं ‘चार भिंती’ हे स्मारक आम्ही बोट ठेवून दाखवतो. पूर्वेला जरंडेश्वर, पश्चिमेला यवतेश्वर, आणि हवा स्वच्छ असली तर सज्जनगडही.

कड्यांना आग्यामोहोळं असतात. अत्तर लावून येऊ नका, वर काही पेटवू नका. उतरल्यावर गरम पोहे आमच्याकडून. नाव आदल्या संध्याकाळपर्यंत नोंदवा, म्हणजे पोह्यांचा अंदाज येतो.