डेक्सामेथासोन मायलोमाच्या पेशीला कसे मारते?

मल्टिपल मायलोमाच्या रुग्णाला डेक्सामेथासोन सुरू केले की, 'स्टेरॉइडने नुसते तात्पुरते बरे वाटते' असे नातेवाईक हमखास म्हणतात. हा समज चुकीचा आहे. या आजारात ते औषध कर्कपेशींनाच मारते.

मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. निरोगी प्लाझ्मा पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे तयार करते. तिच्याच बिघडलेल्या प्रती अस्थिमज्जेत बेसुमार वाढतात. डेक्सामेथासोन हे अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे कृत्रिम, सुमारे २५ पट प्रभावी रूप आहे. ते पेशीपटलातून सहज आत शिरते, पेशीद्रवातील ग्राही प्रथिनाला चिकटते आणि त्याच्यासह केंद्रकात जाऊन काही जनुकांचे काम वाढवते, तर काहींचे थांबवते.

खरी गंमत पुढे आहे. कॅस्पेज नावाची प्रथिने कापणारी विकरे पेशीत आधीपासूनच असतात, पण निष्क्रिय स्वरूपात. संप्रेरक त्यांना स्पर्शही करत नाही. वाढलेल्या जनुकांपैकी एकापासून बिम हे प्रथिन बनते, ते बीसीएल-२ गटातील रक्षक प्रथिनांना अडकवून ठेवते, तंतुकणिकेच्या बाह्यपटलाला छिद्रे पडतात आणि तेथून सुटलेले स्मॅक प्रथिन कॅस्पेजांना रोखणारी प्रथिने बाजूला सारते. मग कॅस्पेज-९ जागे होते आणि ते कॅस्पेज-३ ला कापून सक्रिय करते. कॅस्पेज-३ ज्या प्रथिनांना कापते, त्यांत डीएनए तोडणाऱ्या एका विकराचा लगामही असतो. तो तुटला की डीएनएचे सुमारे २०० बेस-जोड्यांच्या पटीत तुकडे पडतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड (कॉर्टिसॉल आणि डेक्सामेथासोन ज्या गटात मोडतात ती स्टेरॉइडे) दिलेल्या थायमस ग्रंथीच्या पेशींत असे तुकडे शास्त्रज्ञ अँड्र्यू वायली यांनी १९८० मध्ये दाखवले होते. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर ते शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतात.

'संप्रेरके संतुलित करा, कर्करोग पळवा' असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, रुग्णाच्या रक्तात कॉर्टिसॉल रोजच असते आणि तरीही गाठ वाढतच असते. अस्थिमज्जेतील शेजारच्या पेशी इंटरल्युकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन स्रवून कर्कपेशींना वाचवतात, हे त्याचे एक कारण आहे.

दुसरे कारण अधिक बोलके आहे. एमएम.१एस आणि एमएम.१आर या प्रयोगशाळेतील पेशीमालिका एकाच रुग्णाच्या पेशींपासून आल्या, परंतु डेक्सामेथासोनने पहिली मरते आणि दुसरी जगते, कारण दुसरीत ग्राही प्रथिन जवळजवळ उरलेलेच नाही. म्हणूनच डेक्सामेथासोन सहसा एकटे न देता बोर्टेझोमिबसारख्या औषधासोबत दिले जाते. बोर्टेझोमिब प्रोटिअसोम हे निकामी प्रथिने मोडणारे विकर-संकुल बंद पाडते, आणि त्यासाठी त्याला त्या ग्राहीची गरज लागत नाही.