चुन्याचं बांधकाम कच्चं नसतं बरं का

बेळगावात जुनी इमारत दुरुस्त करून वापरायचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "चुन्याचं कच्चं काम आहे ते, सिमेंटनं गिलावा करा नाहीतर पाडून नवं बांधा." हा गैरसमज आहे. किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) 1204 सालची, आजच्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच 1824 चं, मग इतकी शतकं सिमेंटशिवायच उभी होती की ती!

खरी गोष्ट अशी की आपल्याकडं पावसाळ्यात भिंती पाणी पितात आणि चुना ते हळूहळू बाहेर सोडतो, सिमेंटचा घट्ट थर ते आतच कोंडतो, मग लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, पोपडे सुटतात, आणि बोटानं टकटक केलं तर गिलावा पोकळ वाजतो. आमच्या गल्लीतल्या जुन्या वाड्याला हेच झालं, बघून जीव हळहळतो.

चुन्याला वेळ लागतो हे मान्य. चुन्याच्या घाण्यात मळायचा, गूळ-हिरड्याचं पाणी घालायचं, थर सावकाश वाळू द्यायचा. पण इमारत टिकली तर नवा वापरही होतो, मुंबईत 1911 चा कावसजी जहांगीर हॉल 1996 पासून कलादालन आहे. म्हणून पाडायच्या आधी चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याला भिंत दाखवा.