बेसिकमधले डेटा-गट: ओळ क्रमांकापासून लेबलपर्यंत

१९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा तयार केली, तेव्हा त्या पहिल्या आवृत्तीत ‘इनपुट’, म्हणजे प्रोग्राम चालू असताना वापरकर्त्याकडून मूल्य घेणारी आज्ञा, नव्हतं. प्रोग्रामला लागणारे आकडे ‘डेटा’च्या ओळींत आधीच लिहायचे आणि ‘रीड’ने एकेक उचलायचे. या ओळी प्रोग्रामात कुठेही असल्या तरी ओळ क्रमांकानुसार त्यांची एकच सलग रांग बनायची. रांग संपली की ‘डेटा संपला’ असा संदेश येऊन प्रोग्राम थांबायचा. तेव्हा ती चूक मानली जात नसे. अनेक प्रोग्राम असेच संपत.

एक रांग आणि तिच्यावर सरकणारा एकच दर्शक (पुढचं मूल्य कुठून वाचायचं ते दाखवणारी खूण), हा साचा पुढे सगळीकडे टिकला. नंतर आलेली ‘रिस्टोर’ आज्ञा दर्शकाला पुन्हा सुरुवातीला नेऊ लागली, पण रांगेतल्या मधल्या गटाकडे, म्हणजे एकत्र लागणाऱ्या मूल्यांच्या संचाकडे, थेट जाण्याची सोय प्रत्येक संगणकावर नव्हती. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर ‘रिस्टोर’ला ओळ क्रमांक देताच येत नाही. तिसरा गट हवा असेल तर आधीचे दोन गट वाचून सोडून द्यावे लागतात. दर्शकाचा पत्ता मेमरीतल्या ६५ आणि ६६ क्रमांकाच्या दोन बाइटांत असतो. त्यामुळे गट सुरू होण्याआधी ते आकडे ‘पीक’ने (मेमरीतला बाइट वाचून) टिपून ठेवायचे आणि हवं तेव्हा ‘पोक’ने (मेमरीत लिहून) परत भरायचे, अशी युक्ती करता येते. मात्र ते दर वेळी प्रोग्राम चालू असतानाच टिपले पाहिजेत, कारण आधीची एक ओळ बदलली तरी पुढचे सगळे पत्ते सरकतात.

त्याच वर्षीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर मात्र ‘रिस्टोर’पुढे ओळ क्रमांक चालतो, तो काढणारी गणिती पदावलीही चालते. प्रत्येक गट १००च्या अंतराने ठेवला की ‘रिस्टोर १०००+१००*क’ लिहून (क म्हणजे गटाचा क्रमांक) कोणताही गट मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये क्रमांक थेट आकड्यातच लिहावा लागतो. तिथे ‘रीनम’ (ओळींना नवे क्रमांक देणारी आज्ञा) केल्यावर तो आपोआप बदलतो; पदावलीतून निघणारा क्रमांक असा बदलणार कसा?

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टची क्विकबेसिक आणि १९९१ मध्ये क्यूबेसिक आली आणि ओळ क्रमांकांची सक्ती गेली. आता गटाच्या वर ‘महिने:’ असं लेबल लिहायचं आणि ‘रिस्टोर महिने’ म्हणायचं. लेबलनंतर येणाऱ्या पहिल्या ‘डेटा’ ओळीवर दर्शक जातो. ‘सब’मधून (प्रोग्रामच्या वेगळ्या उपभागातून) वाचता येतं, पण ‘डेटा’च्या ओळी आणि त्यांची लेबलं ‘सब’च्या बाहेर, मॉड्यूलच्या मुख्य भागातच लागतात.

लेबलने गटाची सुरुवात सांगितली, शेवट नाही. बहुतेक गोंधळ इथूनच उद्भवतो. बारा नावांच्या गटातून तेरा वेळा ‘रीड’ केलं तर ‘डेटा संपला’ असं कुणीच ओरडत नाही. पुढच्या गटातलं पहिलं मूल्य मुकाट्याने हाती येतं. चूक कळते ती फक्त शेवटच्या गटात, किंवा आकड्याच्या जागी अक्षरं आली तर. त्यातही मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंटरप्रिटरमध्ये ‘सिंटॅक्स एरर’ दाखवताना ‘रीड’ची नव्हे, ‘डेटा’ची ओळ दाखवली जाते, ती ओळ पुष्कळदा निर्दोष असते आणि खरी खोट आधीच्या ओळीत असते. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडून १२ आणि १५ चे १२.१५ झाले की एक मूल्य कमी होतं आणि पुढची सगळी एकेक घर मागे येतात.

म्हणून गटाच्या आरंभी मूल्यांची संख्या लिहावी, किंवा शेवटी खऱ्या मूल्यांत कधीच येणार नाही अशी खूण ठेवावी. ० ते २५५ बाइटांसाठी -१ पुरतो. दर्शक एकच असल्यामुळे एक गट अर्धवट वाचून दुसऱ्याकडे गेलं की परतीची जागा हरवते. त्यापेक्षा ‘रिस्टोर’ केल्या केल्या पूर्ण गट अ‍ॅरेत (मूल्यांच्या क्रमवार यादीत) भरून घेणं केव्हाही चांगलं.

प्युअरबेसिक या बेसिकच्या नंतरच्या अवताराने ‘डेटासेक्शन’ हा वेगळा विभाग दिला. तिथे लेबलचा मेमरीतला पत्ताच मिळतो, त्यामुळे गटाच्या शेवटीही लेबल लावून दोन पत्त्यांच्या वजाबाकीने गटाची लांबी बाइटांत काढता येते. पण मूल्याचा प्रकार तपासला जात नाही: एकेक बाइटाने लिहिलेला गट ‘लाँग’ने (चार बाइटांच्या पूर्णांक प्रकाराने) वाचला की चार बाइट मिळून एकच आकडा बनतो, आणि तीही चूक कुठल्याही संदेशाविना निसटते.