ह्युएनत्संगाची ग्रंथयात्रा

ह्युएनत्संग (युआन श्वांग, सु. ६०२–६६४) या चिनी बौद्ध भिक्षूने मूळ संस्कृत ग्रंथ मिळवण्यासाठी केलेला भारतप्रवास. चिनी भाषांतरांचा एकमेकांशी मेळ बसेना आणि जाणत्या गुरूंचीही मते जुळेनात, तेव्हा मूळ पोथ्याच पाहायच्या असे त्याने ठरवले. विशेषतः योगाचार या बौद्ध दर्शनाचे ‘योगाचारभूमिशास्त्र’ त्याला पूर्ण हवे होते. परदेशी जायला राजाज्ञेने बंदी होती. ६२९ च्या सुमारास (काहींच्या मते ६२७) तो चीनची राजधानी छांगआनहून निघाला आणि पुढे सरहद्द चोरून ओलांडली.

सरहद्दीपलीकडच्या वाळवंटात पाणी पिताना पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. तो थोडा मागे वळलाही. पण भारत गाठल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही, हा स्वतःचा शब्द आठवून त्याने घोडा पुन्हा पश्चिमेकडे वळवला. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब गेला नाही. अखेर ती वाट पूर्वी तुडवलेल्या त्याच्या म्हाताऱ्या घोड्यानेच त्याला गवतापाण्यापाशी नेले. पुढे तुर्फानच्या राजाने त्याला ठेवून घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा त्याने अन्नपाणी सोडले. राजा नमला आणि वाटेतल्या राजांसाठी पत्रे देऊन त्याची पाठवणी केली.

समरकंद, बामियान, गांधार, काश्मीर असे करत तो नालंदेस पोहोचला. तेथे वृद्ध आचार्य शीलभद्रांपाशी त्याने योगाचाराचे अध्ययन केले. कनौजला हर्षवर्धनाने भरवलेल्या धर्मसभेत तो प्रमुख होता.

सु. ६४१ मध्ये तो महाराष्ट्रात आला. त्या वेळी दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवतात, असे त्याने लिहिले आहे. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी वस्त्रे देतात, हाही तपशील त्याचाच. दरीतल्या विहाराच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती असल्याचे त्याने वर्णन केले आहे. हा विहार अजिंठा मानला जातो. तेथील सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही आहेत.

परतताना सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि सुमारे ५० पोथ्या वाहून गेल्या. तो थांबला, नकला करवून घेतल्या. ६४५ मध्ये छांगआनला पोहोचला तेव्हा २० घोड्यांवर ५२० बासनांत बांधलेले ६५७ ग्रंथ होते. उरलेली जवळपास वीस वर्षे भाषांतरातच गेली. त्याचा प्रवासवृत्तांत ६४६ मध्ये पुरा झाला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी तो हाताशी धरून अनेक प्राचीन स्थळे ओळखली.

आख्यायिकेने मात्र बराच पालट केला. सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या शंभर अध्यायांच्या चिनी कादंबरीत सम्राटच त्याला मानाने धाडतो. सोबतीला वानर सुन वुखोंग, वराहमुखी शिष्य, वाळूनदीतला राक्षस आणि घोडा झालेला ड्रॅगन. हा भिक्षू भित्रा आहे, संकट आले की रडतो. वाळवंटातल्या त्या एकट्या माणसावर हा अन्यायच म्हणायला हवा. पण नदी कथेतही सुटली नाही. परतीच्या वाटेवर कासव त्यांना पाण्यात टाकते, भिजलेल्या पोथ्या खडकावर वाळत घालाव्या लागतात, आणि एका सूत्राची शेवटची पाने खडकाला चिकटून फाटतात.