बराकीतल्या बाईचा घरचा दावा

नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला आणि बायको तुरुंगात असली, तर समन्स तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फत बजावलं जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेतच तशी सोय आहे. कागद बराकीत पोचतो, पण तिच्या फौजदारी केसच्या वकिलाचा या दाव्याशी संबंध नसतो. तारखेला कोणीच उभं राहिलं नाही की एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तिची बाजू न ऐकताच निकाल. तो रद्द करून घ्यायला मुदत ३० दिवसांची.

कैदी बाईला फौजदारी केसला वकील, पण घरच्या दाव्याला कोणीच नाही, ही फट का राहिली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. कैद्याला मोफत वकील हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या हॉस्कोट आणि १९७९ च्या हुसेनआरा खातून खटल्यांत पक्का केला, तो घटनेच्या २१व्या कलमाच्या, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. साहजिकच सगळा भर जामीन, खटला आणि अपिलावर राहिला.

बायकांच्या बराकीकडे लक्ष गेलं ते पत्रकार शीला बारसे यांच्यामुळे. मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या स्त्रियांशी बोलून त्यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं. पत्रालाच याचिका मानलं गेलं. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना न्यायालयाने तुरुंगात पाठवलं. फीच्या नावाखाली कैदी बायकांचे दागिने उकळणाऱ्या वकिलाचा प्रकारही या प्रकरणात पुढे आला. १९८३ च्या निकालात आदेश आला : कच्च्या कैद्यांच्या याद्या विधी साहाय्य समितीला द्या, त्यात स्त्रिया वेगळ्या दाखवा, वकील कोणत्या दिवशी येणार याची सूचना तुरुंगात लावा.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण अमलात आला नोव्हेंबर १९९५ मध्ये. त्याच्या १२व्या कलमात स्त्री आणि कोठडीतली व्यक्ती असे दोन वेगळे निकष आहेत; कैदी बाई दोन्हींत बसते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शिवाय मदत कुठल्याही खटल्यासाठी आहे, म्हणजे पोटगी आणि मुलाच्या ताब्यासाठीही. कागदावर फट तेव्हाच बुजली होती! सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उपाध्याय निकालाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ राहू दिलं. सातव्या वर्षी मूल कोणाकडे जाणार, हा प्रश्न मात्र शेवटी घरच्या भांडणातच येऊन पडतो.

कुटुंब न्यायालय कायद्याचं १३वं कलम इथे खास अडचणीचं : वकील लावणं हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ज्याने त्याने आपलं म्हणणं स्वतः मांडावं, ही त्यामागची कल्पना. बाहेरच्या बाईला ती सोयीची असेलही, पण आतली बाई उठून न्यायालयात कशी जाणार?